‘पार्सल मिळालंच नाही’ : घरगुती विक्रेत्यासाठी अनुभवाचे बोल

कोकम, आमसुलं, कुळथाचं पीठ, मालवणी मसाला, आगळाच्या बाटल्या असं घरचं सामान सिंधुदुर्गातून मुंबई-पुण्याला, आणि आपली माणसं असतील तिथे पुढेही पाठवणं हा आमचा धंदा. या धंद्यात चवीवरून वाद क्वचित होतो. वाद होतो तो ‘मिळालं’ आणि ‘मिळालं नाही’ यावरून. त्यातही खोटं दोन बाजूंनी येतं. एखादा ग्राहक माल घेऊन ‘आलाच नाही’ म्हणतो. आणि कुरिअरवाला घराकडे न फिरकता ‘गेलो होतो, कोणी नव्हतं’ असं लिहून मोकळा होतो. लोक पहिल्या प्रकाराबद्दल फार बोलतात, पण आमच्या वाट्याला दुसराच जास्त आला. दोन्हींवर उपाय मात्र एकच निघाला : पार्सल एका हातातून दुसऱ्या हातात जातं तेव्हा कोणी दिलं, कोणी घेतलं, किती वाजता, हे त्याच दिवशी कुठेतरी नोंदलेलं हवं. पुढचं सगळं त्याचाच तपशील आहे.

१. ‘मिळालं नाही’ म्हणणारा माणूस खोटारडा आहे, असं धरून कधीच सुरुवात करू नये.

बहुतेक वेळा तो त्याच्यापुरतं खरंच बोलत असतो. पार्सल पोचलेलं असतं, पण त्याच्यापर्यंत नाही. वॉचमनच्या केबिनमध्ये टेबलाखाली पडलेलं असतं, शेजारच्या काकूंनी घेऊन फ्रीजवर ठेवलेलं असतं, किंवा कामवाल्या मावशींनी घेऊन स्वयंपाकघरात ठेवलं आणि सांगायचं राहून गेलं. आमच्याकडे आणखी एक प्रकार नेहमीचा. ऑर्डर देतो बोस्टनमधला मुलगा, पैसे त्याचे, आणि पार्सल जातं डोंबिवलीत त्याच्या आई-वडिलांकडे. त्याच्या मोबाईलवर ‘डिलिव्हर्ड’ येतं, तो आईला फोन करतो, आई म्हणते, “नाही रे, काही आलं नाही.” वडिलांनी सही करून खोका गॅलरीत ठेवलेला असतो आणि ते फिरायला गेलेले असतात. मुलगा तिकडून आम्हाला तावातावानं लिहितो.

म्हणून ऑर्डर घेतानाच दोन नंबर घ्यावेत : पैसे देणाऱ्याचा आणि दार उघडणाऱ्याचा. खोक्यावर दार उघडणाऱ्याचाच घालावा. परदेशातला नंबर लेबलावर गेला तर डिलिव्हरी बॉय फोन लावणार नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही.

२. पत्ता ग्राहकाकडून लिहून घ्या, मग तोच त्याला परत पाठवून ‘बरोबर’ असं उत्तर मागवा.

फोनवर ऐकून पत्ता उतरवून घ्यायचा नाही. कर्जत रायगडातलं की अहिल्यानगर जिल्ह्यातलं? खेड रत्नागिरीचं की पुण्याचं, ज्याला राजगुरुनगर म्हणतात? मालेगाव नाशिकचं की वाशिमचं? पिन कोड असेल तर हा घोळ मिटतो, कारण रायगडच्या कर्जतला ४१०२०१ लागतो आणि दुसऱ्या कर्जतला ४१४४०२. हा पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मूळचे केळशीचे, संस्कृतचे पंडित. एकाच नावाच्या गावांचा गोंधळ कोकणातल्या माणसानं निस्तरावा हे मला फार योग्य वाटतं. पण पिन कोडचे सहा आकडे पार्सलाला पोस्ट ऑफिसापर्यंत नेतात, दारापर्यंत नाही. दारापर्यंत जायला विंग, मजला, जवळची खूण हवी. ‘गणपती मंदिराजवळ’ ही खूण नव्हे. गणपती मंदिर कुठे नाही?

गावाकडच्या पत्त्यांना तर घरनंबर शोधूनही सापडत नाही. वाडीचं नाव, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचं नाव आणि जवळचं दुकान एवढं असलं की पोस्टमनकाका बरोबर पोचतात. मे २०२५ मध्ये टपाल खात्यानं ‘डिजीपिन’ आणला आहे. साधारण चार मीटर लांब-रुंद जागेला दहा अक्षरं-आकड्यांचा एक संकेत. तो मागवून ठेवायला हरकत नाही, पण आज तरी वाडीच्या नावावर माझा जास्त भरवसा आहे.

‘बरोबर’ या एका शब्दाच्या उत्तराला पुढे वजन येतं. टपालानं पाठवलेली गोष्ट पोचली असं कायदा केव्हा धरून चालतो, हे १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम २७ मध्ये दिलं आहे. त्यातली पहिलीच अट पत्ता योग्य असण्याची आहे. तो कायदा नोटिसा आणि कागदपत्रांसाठी आहे, आमसुलांसाठी नाही. तरी भांडणात पहिला प्रश्न तोच विचारला जातो : पत्ता कोणी दिला होता?

३. पाठवण्याचा दिवस आपल्या सोयीनं ठरवू नये.

गणपतीच्या आठवड्यात मुंबईच्या पत्त्यावर पार्सल पाठवणं म्हणजे ते परत मागवणंच. अख्खं घर चाकरमान्यांबरोबर आमच्याच जिल्ह्यात उतरलेलं असतं. त्या दिवसांत ‘घर बंद’ हा शेरा शंभर टक्के खरा असतो आणि कुरिअरवाल्याशी भांडून काही उपयोग नसतो. मे महिन्यातही तसंच. आम्ही आता सरळ विचारतो, “पुढचे चार-पाच दिवस घरी कोण असेल?” ऑफिसचा पत्ता दिला असेल तर गुरुवार-शुक्रवारी पाठवत नाही, नाहीतर पार्सल शनिवार-रविवार गोदामात तापत पडतं आणि वर ‘कार्यालय बंद’ हा शेरा लागतो. एक परत आलेलं पार्सल म्हणजे दोन्हीकडचं भाडं, आणि उन्हात दोनदा प्रवास केलेल्या आगळाच्या बाटल्या.

४. वजन ग्रॅममध्ये लिहा.

‘खोका आला पण अर्धं सामान नव्हतं’ ही तक्रार ‘आलंच नाही’ची धाकटी बहीण. इथे सगळ्यात स्वस्त साक्षीदार वजनकाटा आहे. पोस्टाच्या बुकिंगच्या पावतीवर वजन छापलेलं असतं. घरच्या काट्यावरचा आकडा आणि पावतीवरचा आकडा जुळला की माल आपल्या हातून पूर्ण गेला हे ठरतं. ग्राहकानं मिळालेला खोका न फोडता किराणा दुकानात जरी तोलला, तरी वाटेत काही काढलं का ते कळतं. मात्र खासगी कुरिअरच्या बिलावर पुष्कळदा खरं वजन नसतंच. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० नं भागतात आणि तो आकडा जास्त भरला तर तोच लावतात. कुरडया-पापडांसारख्या हलक्या पण मोठ्या खोक्याला हे हमखास होतं. अशा वेळी बिल पुरावा म्हणून दाखवून उपयोग नाही. आपण स्वतः काट्यावर ठेवून काढलेला फोटोच कामाला येतो.

५. भरतानाचा व्हिडिओ एकसंध असावा. आधी लेबल, मग एकेक वस्तू, मग टेप, मग काटा, शेवटी पुन्हा लेबल. मध्ये कापाकापी नाही. टेपच्या जोडावर आडवी सही करावी. टेप काढून पुन्हा लावली तर सहीच्या रेघा जुळत नाहीत. एवढं पुरतं. ग्राहकानंही खोका उघडताना व्हिडिओ काढलाच पाहिजे अशी अट घालणारे विक्रेते असतात. मला ते पटत नाही. सत्तरीच्या काकूंनी एका हातात सुरी आणि एका हातात मोबाईल धरावा असं आपण कसं म्हणायचं? काचेच्या बाटल्या असतील तर ‘खोका ओला किंवा फाटलेला दिसला तर उघडण्याआधी बाहेरून एक फोटो काढा’ एवढीच चिठ्ठी आम्ही वर चिकटवतो. ती वाचली जाते, कारण ती छोटी आहे.

६. ओटीपीचे पाच रुपये वाचवू नयेत.

२०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून स्पीड पोस्टाचे नवे दर आले, आणि त्याबरोबर दोन सोयी. नगामागे ५ रुपये आणि वर जीएसटी भरला की ओटीपी सांगितल्यावरच पार्सल हातात मिळतं. तेवढेच पैसे भरून ‘नोंदणी’ घेतली तर ज्याच्या नावावर आहे त्याला किंवा त्यानं नेमलेल्या माणसालाच देतात. किमती मालाला आम्ही यातलं एक घेतोच. ‘मला मिळालं नाही’ हे वाक्य ओटीपीपुढे फारसं टिकत नाही.

पण ओटीपीचीही एक गोम आहे. काही पोरं खालूनच फोन करतात : “काका, ओटीपी सांगा, पार्सल गेटवर ठेवतो.” काका सांगतात. आता यंत्राच्या हिशेबी पार्सल काकांच्या हातात पोचलं, आणि काकांच्या हातात काही नाही. मग ती तक्रार खरी असते आणि पुरावा खोटा. म्हणून पाठवल्या दिवशी आम्ही एक निरोप देतो : पार्सल डोळ्यांनी दिसेपर्यंत आकडा सांगू नका. ‘ऑर्डर रद्द करायला ओटीपी द्या’ असं म्हणणारा फोन आला तर तो ठेवून द्या. म्हाताऱ्या माणसांना हे फोन करून, नीट सावकाश सांगावं लागतं. मेसेज ते वाचतात, पण त्या क्षणी आठवत नाहीत.

७. खोटा शेरा पकडायचा असेल तर तो का मारला जातो ते आधी समजून घ्यावं.

सकाळी गाडी येते, पार्सलं वाटली जातात, पोरगा बाईकवर पोतं लादून निघतो. बऱ्याच ठिकाणी त्याला पगार नसतो, पोचवलेल्या नगावर पैसे असतात. लिफ्ट नसलेल्या इमारतीतलं चौथ्या मजल्यावरचं पाच किलोचं पार्सल आणि रस्त्यालगतच्या दुकानातलं पाकीट, दोन्हीला जवळपास तेवढेच. तो आधी पाकिटं संपवतो. संध्याकाळी उरलेल्या प्रत्येक नगापुढे काहीतरी लिहिल्याशिवाय दिवस बंद होत नाही. ‘नेलंच नाही’ असं लिहिलं तर दोष केंद्रावर. ‘ग्राहक भेटला नाही’ लिहिलं तर दोष ग्राहकावर. तो काय निवडेल हे सांगायला नको. त्याच्या जागी असते तर मीही कदाचित तेच केलं असतं. सणासुदीला असे शेरे वाढतात ते उगीच नाही.

ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. शेरा रात्री आठ-नऊच्या सुमारास पडतो, त्याआधी दिवसभर हालचाल नसते. ग्राहकाच्या फोनवर एकही मिस्ड कॉल नसतो. ‘ग्राहकाने तारीख पुढे ढकलली’ असं लिहिलेलं असतं आणि ग्राहकाला पत्ताच नसतो. सगळ्यात वाईट म्हणजे ‘घेण्यास नकार’. बाकीच्या शेऱ्यांनंतर सहसा आणखी एक-दोन फेऱ्या होतात. नकार लिहिला की पार्सल पुष्कळदा थेट उलट्या वाटेला लागतं.

म्हणून ‘नकार’ दिसला की दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. ग्राहकाला लगेच विचारायचं आणि लेखी उत्तर घ्यायचं, ‘मी नकार दिलेला नाही, पार्सल हवं आहे.’ सोबत त्या दिवसाच्या कॉल यादीचा स्क्रीनशॉट. मग कुरिअरकडे तक्रार करायची ती अशी : ट्रॅकिंग नंबर, शेऱ्याची तारीख-वेळ, ग्राहकाचं उत्तर, आणि एकच मागणी, ‘शेरा मारताना मशीनवर नोंदलेलं ठिकाण आणि केलेल्या फोनची नोंद द्या.’ बऱ्याच कंपन्यांच्या ॲपमध्ये शेऱ्याबरोबर वेळ आणि ठिकाण दोन्ही साठतात. ठिकाण गोदामाचंच निघेल हे तिथल्या माणसालाही ठाऊक असतं. नोंद हातात पडेलच असं नाही, पण ती मागितल्यावर पार्सल दुसऱ्या दिवशी पोचतं असा अनुभव आहे. ‘तुमची सेवा अतिशय वाईट आहे’ या वाक्यानं मात्र काहीही हलत नाही.

आणि जमलं तर त्या भागातल्या डिलिव्हरी बॉयचा नंबर ठेवावा. दरवेळी त्याच इमारतीत पार्सल जात असेल तर एकदा फोन करून, “दादा, काका वर एकटे असतात, त्यांना खाली बोलावू नका,” असं सांगितलं की पुष्कळदा काम होतं. तक्रारीनं जे होत नाही ते ओळखीनं होतं. हे बरं की वाईट, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

८. ‘डिलिव्हर्ड’ दिसलं की आपणच विचारावं, आणि त्याच दिवशी.

एवढ्या सगळ्यात एकच गोष्ट करायची म्हटली तर मी ही करीन. संध्याकाळी ट्रॅकिंग पाहायचं आणि ज्यांचं पोचलं त्यांना एक ओळ : ‘ताई, आजच पार्सल पोचल्याचं दिसतंय. कोणाच्या हाती मिळालं? बाटल्या नीट आहेत ना?’ ‘मिळालं का?’ एवढंच विचारलं तर लोक अंगठा दाखवून मोकळे होतात, आणि तो अंगठा कशाला होता हे नंतर कोणीही कसंही सांगू शकतं. ‘कोणाच्या हाती’ विचारलं की उत्तरात नाव येतं.

उत्तर ‘नाही मिळालं’ आलं तरी उत्तमच. त्या दिवशी डिलिव्हरी बॉयला आठवत असतं की खोका कुणाकडे दिला. वॉचमन त्याच पाळीचा असतो. सोसायटीच्या रजिस्टरमध्ये वरून दुसरी-तिसरीच ओळ असते. कॅमेऱ्याचं चित्रण अजून पुसलेलं नसतं. आठ-दहा दिवसांनी यातलं काही उरत नाही, उरतो फक्त तुमचा शब्द आणि त्यांचा शब्द. पोचपावतीवरच्या सहीवर फार विसंबू नये. मोबाईलच्या पडद्यावर बोटानं ओढलेली ती रेघ असते, बँकवाल्यालाही ती कोणाची ते सांगता येणार नाही.

या एका ओळीनं दुसरंही काम होतं. ज्याच्या मनात पुढे ‘आलंच नाही’ म्हणायचं असतं, त्याला त्याच दिवशी, ताज्या चौकशीपुढे ते म्हणणं अवघड जातं. सराईत माणूस तेव्हा गप्प बसतो. ते गप्प बसणंही आम्ही लिहून ठेवतो.

९. सीओडी आम्ही बंद केलं. दारात पैसे द्यायचे असले की नकार द्यायला काहीच लागत नाही, आणि कुरिअरवाल्यालाही ‘सुट्टे नव्हते’, ‘पैसे तयार नव्हते’ असे शेरे आयते मिळतात. नव्या ग्राहकाला भरवसा वाटत नसेल तर आधी पाव किलो मसाल्याची ऑर्डर द्या म्हणावं.

१०. तक्रार आलीच, तर उत्तर त्याच दिवशी जावं आणि त्यात आरोप नसावा.

आमचं उत्तर साधारण असं असतं : ‘काका, ट्रॅकिंगनुसार अमुक तारखेला इतक्या वाजता पार्सल पोचल्याची नोंद आहे. सोबत पावती, वजन आणि भरतानाचा व्हिडिओ पाठवते. आम्ही कुरिअरकडे चौकशी टाकली आहे, तिचा हा नंबर. तुम्ही कृपया वॉचमनकडे आणि घरात एकदा विचारून घ्या.’ ‘खोटं बोलताय’ हा शब्द नाही, ‘पोलीस’ हा शब्द नाही. खरा माणूस दुखावत नाही, आणि खोट्याला समोर किती कागद आहेत हे कळतं. बऱ्याचदा दोन तासांनी येतं, ‘अहो सापडलं, सुनेनं आत ठेवलं होतं.’ यावर फक्त ‘छान झालं’ एवढंच लिहायचं. खोदून विचारायचं नाही, माणसाला परत यायला वाट ठेवावी.

स्वतःची वेबसाइट काढून विकत असाल तर २०२० चे ई-कॉमर्स नियम लागू होतात हे ध्यानात ठेवावं. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात, असं त्यात आहे. ग्राहक १९१५ वर फोन करू शकतो. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या दाव्याला शुल्कही नाही. हे घाबरायला सांगत नाही. आयोगापुढे विक्रेत्याच्या बाजूनंही तेच कागद बोलतात. कार्डानं पैसे आले असतील तर ग्राहक परस्पर बँकेकडे वाद घालतो आणि पैसे अडकतात. तेव्हा पेमेंट कंपनी थोड्या दिवसांची मुदत देऊन बिल, पोचपावती आणि संभाषण मागते. प्रत्येक ऑर्डरची एक फाइल असेल तर पाच मिनिटांत जातं, नसेल तर मुदत शोधाशोधीतच संपते.

आणि रक्कम लहान असेल, ग्राहक जुना असेल, कागद दोन्हीकडे अर्धवट असतील, तर पैसे देऊन टाकावेत किंवा दुसरं पार्सल पाठवावं. तीनशे रुपयांच्या आमसुलांसाठी चार दिवस फोनवर घालवणं परवडत नाही. मात्र देताना लिहावं की चौकशी चालू आहे, आणि पहिलं सापडलं तर कळवा. लोक कळवतात. काहींनी तर दोन्हीचे पैसे पाठवले.

११. वहीत नावापुढे खूण करावी, बोभाटा करू नये.

विक्रेत्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर ‘या बाईंना माल देऊ नका’ असे नाव-नंबरासकट फोटो फिरतात. त्यात मी पडत नाही. आपला संशय चुकीचा निघाला तर तो फोटो परत घेता येत नाही, आणि बदनामीचा दावा झाला तर तो कुरिअरवर होणार नाही. ज्यांचं एकाहून जास्त वेळा ‘आलंच नाही’ झालं, त्यांना आम्ही ऑर्डर नाकारत नाही. फक्त कळवतो की तुमच्या भागातल्या डिलिव्हरीची आम्हाला खात्री वाटत नाही, म्हणून माल रात्रीच्या बसनं पाठवतो, सकाळी थांब्यावर ऑफिसात आधार कार्ड दाखवून उचला. काही जण पुन्हा विचारत नाहीत. एक गृहस्थ मात्र दर दोन महिन्यांनी न चुकता मागवतात, पहाटेच थांब्यावर जाऊन रजिस्टरात सही करतात आणि आम्ही विचारायच्या आत स्वतःच मेसेज करतात : ‘मिळालं. बाटल्या चारही नीट.’